मधुमेही पायाची जखम आणि जीवनगुणवत्ता: प्रश्नावली निवडताना

मधुमेही पायाची जखम किती आठवड्यांत भरली, जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेला का, बोट किंवा पाय काढावा लागला का, या नोंदी केसपेपरवर होतात. त्या जखमेसह रुग्णाचे दिवस कसे गेले, हे मात्र त्यालाच विचारावे लागते, आणि त्यासाठी आज अनेक प्रमाणित प्रश्नावल्या उपलब्ध आहेत. प्रबंधासाठी, उपचारांच्या चाचणीसाठी किंवा जखमांच्या बाह्यरुग्ण विभागातील नियमित वापरासाठी यांतील एक निवडू पाहणाऱ्या संशोधकांसाठी आणि डॉक्टरांसाठी ही तुलना आहे.

या प्रश्नावल्यांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातल्या प्रश्नावल्या कोणत्याही आजारासाठी वापरता येतात; एसएफ-३६ आणि ईक्यू-५डी ही त्यांतली सर्वाधिक वापरली जाणारी नावे. एसएफ-३६ मध्ये ३६ प्रश्न असून त्यांतून आरोग्याच्या आठ अंगांचे ० ते १०० असे गुण मिळतात, आणि त्यांवरून शारीरिक व मानसिक असे दोन एकत्रित गुणांक काढता येतात. ईक्यू-५डी त्याहून पुष्कळ लहान आहे. हालचाल, स्वतःची काळजी, नेहमीची कामे, वेदना किंवा अस्वस्थता, आणि चिंता किंवा नैराश्य अशा पाच बाबींवर रुग्ण आपली आजची स्थिती सांगतो आणि शेवटी ० ते १०० च्या मोजपट्टीवर एकूण आरोग्याला गुण देतो. प्रत्येक बाबीला उत्तराचे पाच स्तर असलेल्या आवृत्तीत उत्तरांची ३,१२५ वेगवेगळी संयोजने होऊ शकतात. प्रत्येक संयोजनाला लोकमतावर आधारित मूल्य देण्याची सोय असल्याने, उपचाराच्या खर्चाचा हिशेब गुणवत्ता-समायोजित आयुर्वर्षांत, म्हणजे जगलेली वर्षे आणि त्या वर्षांतली आरोग्याची प्रत यांच्या एकत्रित मापात, मांडायचा असेल, तर ईक्यू-५डी सोयीची पडते.

मात्र या आजारात सर्वसाधारण प्रश्नावलीची एक मर्यादा ठळकपणे पुढे येते. अनेक रुग्णांच्या पायाची संवेदना न्यूरोपथीमुळे, म्हणजे मधुमेहाने मज्जातंतूंना झालेल्या इजेमुळे, गेलेली असते. जखम झाली आणि वाढली तीच मुळी दुखले नाही म्हणून. अशा रुग्णाला वेदनेविषयी विचारले, तर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो आणि त्या बाबीत निरोगी माणसाइतके गुण मिळवतो. याच न्यूरोपथीमुळे पाय जळजळणारा दुसरा रुग्ण वेदनेच्या रकान्यात खाली घसरतो, आणि त्या घसरणीचा जखमेशी संबंध असेलच असे नाही. पाय कापावा लागेल ही भीती, ड्रेसिंगसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहणे, घरातल्या घरात चालतानाही घ्यावी लागणारी परवानगी, यांपैकी कशालाही या प्रश्नावल्यांत स्वतंत्र जागा नाही.

हालचालीच्या प्रश्नांतही असाच पेच आहे. तळव्यावरची जखम भरण्यासाठी पायावरचा भार काढणे हाच उपचाराचा कणा आहे. गुडघ्यापर्यंतचे प्लास्टर घातलेला रुग्ण जिना चढता येत नाही असे सांगतो, तेव्हा तो आजाराचा परिणाम सांगतो की उपचाराचा, हे गुणांकातून कळत नाही. उपचार योग्य दिशेने चाललेला असतानाही सुरुवातीच्या आठवड्यांत गुण खाली जाऊ शकतात, आणि ही शक्यता लक्षात न घेता काढलेला निष्कर्ष चांगल्या उपचारावर अन्याय करतो.

म्हणून दुसऱ्या वर्गाकडे, म्हणजे याच आजारासाठी तयार झालेल्या प्रश्नावल्यांकडे वळावे लागते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली डायबेटिक फूट अल्सर स्केल, म्हणजेच डीएफएस, ही त्यांतली सर्वांत तपशीलवार. तिच्या ५८ प्रश्नांत फुरसत, दैनंदिन कामे आणि भावना यांच्यासोबत कुटुंब, मित्र, आर्थिक भार, उपचारांविषयीचे समाधान आणि उपचाराच्या सूचना पाळणे हेही येते. पण वयस्क, दृष्टी अधू झालेल्या, कधी तापाने थकलेल्या रुग्णाला ५८ प्रश्न विचारणे कठीण असते, आणि अर्धवट सोडलेल्या प्रश्नावल्यांचा विश्लेषणाला उपयोग कमी होतो. २००३ मधील डीएफएस-एसएफ या लघुरूपात २९ प्रश्न उरले आणि त्यांची विभागणी फुरसत, शारीरिक आरोग्य, परावलंबन व दैनंदिन जीवन, नकारात्मक भावना, जखमेविषयी व पायाविषयी वाटणारी चिंता, आणि जखमेच्या देखभालीचा त्रास अशा सहा गटांत झाली. शेवटचे दोन गट मला सर्वांत मोलाचे वाटतात, कारण सर्वसाधारण प्रश्नावलीतून जे निसटते ते नेमके इथे विचारले जाते. आर्थिक भार आणि कुटुंब यांचे स्वतंत्र गट मात्र या लघुरूपात नाहीत. तोच अभ्यासाचा विषय असेल, तर मूळ डीएफएसचे कष्ट घेतलेच पाहिजेत.

कार्डिफ वूंड इम्पॅक्ट शेड्यूल आणि वूंड-क्यूओएल या दोन प्रश्नावल्या दीर्घकाळ न भरणाऱ्या जखमांसाठी आहेत, केवळ मधुमेही पायासाठी नाहीत. शिरांच्या विकारामुळे झालेल्या पायाच्या जखमा आणि मधुमेही जखमा एकाच विभागात येत असतील, तर ही गोष्ट सोयीची ठरते. कार्डिफमध्ये एखादा त्रास किती झाला आणि त्याचा मनाला ताण किती वाटला, हे वेगवेगळे विचारलेले असते. समुपदेशन करणाऱ्यांना हा भेद उपयोगी पडतो. वूंड-क्यूओएलमध्ये मागील सात दिवसांविषयीचे केवळ १७ प्रश्न असून शरीर, मन आणि दैनंदिन जीवन असे तीन भाग आहेत. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागासाठी मी हीच सुचवीन. फक्त तिचे गुण ० ते ४ असून जास्त गुण म्हणजे जास्त त्रास, तर डीएफएस-एसएफमध्ये जास्त गुण म्हणजे चांगली स्थिती, हे दोन्ही एकाच तक्त्यात मांडणाऱ्याने विसरू नये. न्यूरोक्यूओएल या आणखी एका प्रश्नावलीचा भर न्यूरोपथीची लक्षणे आणि त्यांचा भावनिक भार यांवर आहे. जखम होण्यापूर्वीच्या टप्प्यातील रुग्णही अभ्यासात असतील, तर ती घ्यावी.

उपचाराच्या चाचणीसाठी एकच प्रश्नावली निवडण्याचा आग्रह मी धरणार नाही. डीएफएस-एसएफ आणि ईक्यू-५डी यांची जोडी मला सर्वाधिक योग्य वाटते, आणि याचे कारण केवळ खर्चाचा हिशेब हे नाही. जखम भरली किंवा पाय कापला गेला की जखमेविषयीचे प्रश्न त्या रुग्णाला लागू पडत नाहीत, आणि ज्यांचे पुढे काय झाले हे सर्वांत महत्त्वाचे, तेच मोजणीबाहेर पडतात. ईक्यू-५डी त्यांनाही विचारता येते. पाय गमावल्यानंतर कृत्रिम पायावर चालू लागलेला रुग्ण न भरणाऱ्या जखमेच्या रुग्णापेक्षा स्वतःची स्थिती चांगली सांगू शकतो, ही बाबही अशा सलग मोजणीतूनच दिसते.

निवड झाली तरी मूळ संस्थेची परवानगी आणि रुग्णांच्या भाषेतील पडताळलेली आवृत्ती यांची चौकशी आधी करावी, कारण घाईत स्वतः केलेल्या भाषांतराचे गुण इतर अभ्यासांशी ताडून पाहता येत नाहीत. मधुमेहाने दृष्टी गेलेल्या रुग्णांना प्रश्न वाचून दाखवावे लागतात, आणि ते काम रोज ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिकेकडे देऊ नये. तिच्यासमोर देखभालीच्या त्रासाविषयी मोकळेपणाने बोलणे रुग्णाला अवघड जाते. पहिली मोजणी प्लास्टर घालण्यापूर्वी झालेली असावी.