चालू मशीनवर झालेली फसवणूक: जुनं टर्न-मिल घेण्याआधी वाचा

जुनं टर्न-मिल (टर्निंग आणि मिलिंग दोन्ही करणारं लेथ) विकणारा दलाल मशीन बंद अवस्थेत दाखवत नाही, चालवूनच दाखवतो. चिप्स उडतात, टूल धरणारं टरेट फिरतं, तयार जॉब त्याला पकडणाऱ्या चकमधून निघून कोमट असतानाच हातात येतो. आम्हाला फसवलं गेलं ते अशाच चालू मशीनवर. कुणी जुनं मल्टी-ॲक्सिस लेथ घ्यायला निघालं असेल, तर डेमोत काय दाखवतात आणि काय शिताफीने टाळतात ते आधी समजून घ्या.

जाहिरातीत मशीन 'नऊ अक्षांचं' होतं. हा आकडा कसा जमवला होता ते बघा. वरच्या टरेटचे एक्स (व्यासाच्या दिशेने), वाय (एक्स आणि झेड दोन्हींना काटकोनात), झेड (बारच्या लांबीने). खालच्या टरेटचे एक्स आणि झेड. जॉब फिरवणाऱ्या दोन स्पिंडलचे दोन सी (जॉब कोनात फिरवणारे). आणि सब-स्पिंडल, म्हणजे दुसरं स्पिंडल, पुढेमागे सरकतं तो एक. झाले आठ. नववा म्हणून लाइव्ह टूलची मोटर मोजली होती! ती फक्त कटर फिरवते. तिला अक्ष म्हणायचं तर छताच्या पंख्यालाही म्हणावं लागेल. विचारायचा प्रश्न वेगळाच असतो: एका वेळी किती अक्ष मिळून एकच वाट कापतात? फानुक कंपनीच्या ०आय मालिकेच्या कंट्रोलमध्ये (मशीन चालवणाऱ्या संगणकात) एका पाथवर, म्हणजे एकत्र चालणाऱ्या अक्षांच्या एका गटात, हा आकडा चारशी थांबतो. पाच अक्ष एकत्र हवे असतील तर ३१आय-बी५ सारखा कंट्रोल लागतो. सी अक्षाचंही तेच. काही स्पिंडल ठरावीक कोनांवर थांबून लॉक होतात आणि तेवढ्यावर विक्रेता 'सी अक्ष आहे' म्हणतो. खरा सी अक्ष फिरता फिरता एक्सबरोबर कापतो, आणि त्यासाठी जी१२.१ या कोडचं पोलर इंटरपोलेशन (फिरणं आणि सरकणं जुळवून वाट काढणं) कंट्रोलमध्ये चालू असावं लागतं. बऱ्याच कंट्रोलमध्ये तो पैसे मोजून घ्यायचा ऑप्शन असतो.

एवढं आम्ही विचारलं. दलालाकडे सगळ्याला होकार होता. मग डेमो.

ॲल्युमिनियमचा बार लावला. बाहेरून टर्निंग झालं, एका टोकाला षट्कोन निघाला, फेसवर (टोकाच्या सपाट बाजूवर) गोलाकार मांडणीत भोकं पडली, अंगावर की-वे (चावीची खाच) कापला गेला आणि शेवटी व्यासावर अक्षरं कोरली गेली. जॉब देखणा होता, यात वादच नाही. पण या प्रत्येक कामाकडे परत बघा. षट्कोनासाठी सी ६० अंशांनी फिरवून थांबवायचा आणि एंड मिल (मिलिंगचा कटर) झेडमध्ये न्यायचा. भोकांनाही सी फिरवून थांबवणं पुरतं. अक्षरं सी आणि झेड मिळून कोरतात. की-वेसाठी खाचेच्या रुंदीचाच कटर लावला होता, म्हणजे तोही सरळ झेडमध्ये गेला. संपूर्ण प्रात्यक्षिकात वाय अक्ष एक मिलिमीटरही हलला नाही. हे पोझिशनच्या पानावर लगेच दिसलं असतं, पण त्यांच्या माणसाने स्क्रीनवर प्रोग्रामचं पान लावून ठेवलं होतं आणि मध्ये कुणी बटण दाबू नये म्हणून तो पॅनलसमोरच उभा होता.

वाय कशासाठी लागतो, तर खाचेपेक्षा लहान कटरने दोन्ही भिंती वेगवेगळ्या फिनिश करायच्या असतात तेव्हा. वाय नसेल तर काही जण सी थोडा फिरवून खाच रुंद करतात. त्यात भिंती समांतर राहत नाहीत. तळाशी खाच अरुंद आणि वर रुंद होते. रुंदीला टॉलरन्स असलेल्या की-वेला ते चालत नाही.

ॲल्युमिनियम निवडण्यामागेही हिशेब होता. पत्रकात लाइव्ह टूलची ताकद ३.७ किलोवॉट लिहिलेली होती. पण ती ३००० आरपीएमला. टॉर्क काढायचा तर ९५५० गुणिले किलोवॉट, भागिले आरपीएम: साधारण ११.८ न्यूटन-मीटर. त्याखालच्या वेगाला टॉर्क तेवढाच राहतो, ताकद मात्र घटते. २० मिमीचा एंड मिल स्टेनलेसमध्ये मिनिटाला ८० मीटरने चालवला तर सुमारे १२७० आरपीएम होतात, आणि तिथे हाताशी उरतात जेमतेम १.६ किलोवॉट. तेही सलग चालवण्याचं रेटिंग असेल तर. पत्रकावरचा आकडा पुष्कळदा थोडा वेळ चालवून थांबण्याचा असतो.

मशीन आलं, लेव्हल झालं, आणि आमचा खरा जॉब लागला: ३१६ स्टेनलेस, त्यावर एक सपाट बाजू आणि फेसवर केंद्रापासून दूर एक गोल पॉकेट (खळगा). सपाट बाजूवर कटर वायमध्ये जाताना एक पट्टा आणि येताना दुसरा. दोन पट्ट्यांमध्ये नखाला लागेल अशी पायरी. पॉकेट गोल नव्हतं. गंमत म्हणजे हाच जॉब केंद्राजवळ घेतला की पायरी जवळजवळ नाहीशी व्हायची.

हा वाय 'वेज' प्रकारचा होता. म्हणजे काटकोनातली स्वतंत्र स्लाइड नाही. तिरकी स्लाइड आणि एक्स दोन्ही एकदम हलतात आणि त्यांच्या बेरजेतून वायची हालचाल होते. अशा मशीनवर वायची दिशा बदलली की एक्सचीही बदलते, आणि एक्सच्या बॉलस्क्रूमधला (स्लाइड सरकवणाऱ्या स्क्रूमधला) सगळा खेळ, म्हणजे ढिलेपणा, सपाट पृष्ठभागावर खोलीच्या फरकाने उमटतो. साध्या टर्निंगमध्ये तो दिसत नाही, कारण तिथे टूल बहुतेक एकाच बाजूने मापावर येतं.

सर्व्हिसच्या माणसाने आधी एक्सला डायल (बारीक हालचाल मोजणारं मापक) लावली नाही. त्याने पॅरामीटर १८५१ उघडला. फानुकवर प्रत्येक अक्षाच्या बॅकलॅशची (या खेळाची) भरपाई तिथे असते. इलेक्ट्रिकल कपाटाच्या आत उत्पादकाची मूळ पॅरामीटर सूची अजून शाबूत होती. त्या सूचीत एक्ससाठी एक अंकी मायक्रॉन. स्क्रीनवर चाळीसच्या वर. भरपाई शून्य करून डायलवर पाहिलं, तर एक्सच्या प्रवासाच्या मधल्या भागात जवळपास तेवढाच खेळ.

कोणी म्हणेल, भरपाई तर त्यासाठीच असते, मग बिघडलं कुठे? बिघडलं ते असं: हा आकडा संपूर्ण अक्षाला एकच असतो आणि स्क्रू मात्र सगळीकडे सारखा झिजत नाही. जिथे वर्षानुवर्षं काम झालं तिथे खड्डा, टोकांना नवा. त्यांनी भरपाई डेमोच्या व्यासावर जुळवली होती. त्यामुळे तिथे मापं चोख, आणि बाहेर गेलं की मशीन नसलेला खेळ भरून काढायला धावतं आणि उलटी चूक करतं. हे काम अडाण्याचं नव्हे. कुणीतरी डायल लावून, बसून, जाणीवपूर्वक केलेलं.

तासांचंही तसंच. पॉवर-ऑनचा हिशेब पॅरामीटर ६७५० मध्ये मिनिटांत असतो, आणि पॅरामीटर लिहिण्याची परवानगी उघडली की तो बदलता येतो. स्क्रीनवरचे तास कोवळ्या मशीनचे होते. चकच्या पेडलचं रबर मात्र आरपार झिजलेलं होतं आणि पॅनलवर सायकल स्टार्टचं अक्षर उरलं नव्हतं. अलार्मची यादी कोरी. इतकी वर्षं चाललेल्या मशीनला एकही अलार्म आला नाही, हे मला तरी पटत नाही.

दलालाला फोन केला तर सूर बदललेला. "अहो साहेब, मशीन तुमच्यासमोर चाललं, जॉब तुम्ही हातात घेतला, कागदावर 'जसं आहे तसं' लिहिलंय." कागद त्याच्याच बाजूचा होता. फार ताणल्यावर त्याने तोडगा काढला: हे परत द्या आणि थोडी भर घालून बी अक्षाचं (टूल तिरकं करता येणारं), पाच अक्ष एकत्र चालणारं मोठं मशीन घ्या.

दुसरा सापळा तो होता. पाच अक्षांचं अचूक कंटूरिंग (वक्र आकार कापणं) करणाऱ्या मशीनांच्या निर्यातीवर नियंत्रण असतं. आज ते १९९६ पासूनच्या वासेनार व्यवस्थेखाली (निर्यात नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली) येतं. त्याआधी १९८७ मध्ये तोशिबाच्या एका उपकंपनीने पाणबुडीचे प्रोपेलर कापू शकणारी मिलिंग मशीनं सोव्हिएत संघाला विकल्याचं उघड झालं आणि मोठा गदारोळ उठला. काही उत्पादक म्हणूनच मशीनमध्ये जागा बदलल्याचं ओळखणारं यंत्र बसवतात. मशीन उचललं की कंट्रोल लॉक होतो, आणि उत्पादक नवी जागा व नवा मालक तपासून कोड देतो तेव्हाच ते सुरू होतं. आम्ही म्हटलं, तुमच्याकडेच उत्पादकाला बोलावून हस्तांतराची नोंद करा, मग बोलू. त्यावर तो "बॅटरीचा किरकोळ प्रॉब्लेम आहे" म्हणाला, आणि नंतर फोन उचलायचा बंद झाला. मशीन आधीच एकदा हललेलं आणि लॉक झालेलं होतं, हे पुढे उत्पादकाच्याच माणसाकडून कळलं.

एक्सचा बॉलस्क्रू आम्ही आमच्या खर्चाने बदलला. पुढच्या खरेदीच्या वेळी अटी आधीच लिहून पाठवल्या. डेमो आमच्या ड्रॉइंगवर, आमच्या धातूत, आमच्या टूलने. मशीन रात्रभर बंद असलेलं, म्हणजे गरम होताना एक्स किती सरकतो ते पहिल्या आणि शेवटच्या जॉबच्या मापांत दिसेल. १८५१ चे आकडे बघायचे, शून्य करायचे आणि प्रत्येक अक्षावर तीन ठिकाणी डायल लावायची. वाय-एक्समध्ये केंद्राजवळ आणि दूर गोल पॉकेट. शक्य असेल तर आयएसओ २३०-४ प्रमाणे बॉलबार (गोल वाटेतली चूक मोजणारं उपकरण). सी ब्रेकवर असताना चकमधल्या बारला त्रिज्येवर दाबून डायल बघायची: ५० मिमी त्रिज्येवर ०.०१ अंश म्हणजे जवळपास ९ मायक्रॉन, त्यामुळे स्क्रीनवरचे ०.००१ अंश कुणी अभिमानाने दाखवले तर दाखवू द्यावेत. सब-स्पिंडलला जॉब देऊन दोन्ही टोकांची एककेंद्रता. आणि चकमध्ये डायल धरून टरेटच्या प्रत्येक स्टेशनचं बोअर तपासायचं, कारण मशीन कधी धडकलं असेल तर ते तिथे सापडतं.

काही विक्रेत्यांनी या अटी वाचून उत्तरच दिलं नाही. एकाने मात्र आपणहून कळवलं की टरेटचं एक स्टेशन जुन्या धडकेनंतर ०.०३ मिमी बाहेर आहे, पटत असेल तर या. ते मशीन आम्ही घेतलं. त्या स्टेशनवर ड्रिल किंवा बोअरिंग बार लावत नाही. तिथे बार पुलर (बार पुढे ओढणारा चिमटा) बसवलाय.