अपग्रेडनंतर सर्व्हर उठेना: कन्सोल की रेस्क्यू मोड?
रीबूट दिला आणि एसएसएच (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायची सोय) लागेना. होस्टिंगच्या पॅनेलवर कन्सोल आणि रेस्क्यू मोड अशी दोन बटणं आहेत, कुठलं दाबायचं?

निदानात कन्सोल, म्हणजे सर्व्हरची स्क्रीन दाखवणारी खिडकी, सरस. गाडी कुठे अडली ते थेट दिसतं: कर्नल पॅनिक (सिस्टीमचा गाभाच कोसळणं), एफएसटॅब या डिस्कच्या यादीतला चुकीचा यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक), की सर्व्हर व्यवस्थित सुरू झालाय आणि फक्त नेटवर्क इंटरफेसचं नाव बदललंय. ग्रब या बूटलोडरच्या (सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूतून जुना कर्नल निवडून बरेचदा काम भागतं. अडचण पासवर्डची. बूट अडल्यावर येणारा इमर्जन्सी मोड सहसा रूटचा (मुख्य अ‍ॅडमिन खात्याचा) पासवर्ड मागतो, आणि रोज पासवर्डऐवजी एसएसएच-की वापरणाऱ्याला तो आठवेलच असं नाही.

रेस्क्यू मोडमध्ये वेगळीच लिनक्स सुरू होते, त्यामुळे जुना पासवर्ड लागत नाही. मेहनत मात्र जास्त: सर्व्हरची डिस्क माउंट करा (जोडून घ्या), डेव्ह, प्रॉक, सिस हे सिस्टीमचे फोल्डर तिच्यात बाइंड करा, सीएचरूट करून (म्हणजे त्या डिस्कवरच्या सिस्टीमच्या आत शिरून) इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल) आणि ग्रब पुन्हा बनवा. बूट पार्टिशन वेगळं असेल तर तेही माउंट कराच. नाहीतर फाइली भलत्याच जागी लिहिल्या जातात आणि रीबूटनंतर पुन्हा तोच अंधार. डेटा आधी बाहेर काढता येतो, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं.

कारण माहीत नसेल, पासवर्ड हाताशी असेल तर कन्सोल. बॅकअप नसेल किंवा बूटलोडरच बिघडला असेल तर सरळ रेस्क्यू.