बारा इंची रबरी प्रॅक्टिस पॅड: नागपूरचा एक उन्हाळा काढल्यानंतर

ड्रमचा हात बसवायला घेतलेल्या या पॅडचं आधी वाईट सांगून टाकतो. वरच्या रबराची कड सुटली. मे महिन्यात, घरात, सावलीत. सुटलेली जागा नखभर, पण तिनं माझा अख्खा महिना खाल्ला, त्यामुळे सगळ्यात जास्त तिच्याबद्दलच लिहिणार आहे.

पॅड नेहमीचंच. १२ इंची, दोन्ही बाजूंनी वाजवता येतं, मध्ये लाकूड, एका बाजूला उसळणारं गम रबर, दुसरीकडे जरा कडक. सीताबर्डीतल्या एका दुकानातून अडीच हजाराला घेतलं. ऑनलाइन दोनशे रुपयांनी स्वस्त होतं. पण काही झालं तर दुकान गावातच आहे, असा हिशेब केला.

मी मुळात ऑक्टोपॅडवाला, म्हणजे स्टिकनं वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य. गणपती, नवरात्र, लग्नसराई, जमेल तसं ऑर्केस्ट्रात वाजवतो. ऑक्टोपॅडनं हात आळशी होतो. सेन्सिटिव्हिटी वाढवून ठेवली की दोन बोटं उंचीवरून टिचकी मारली तरी स्पीकरमधून दणका निघतो. धुमालच्या (मिरवणुकीतल्या बँडच्या) गाडीवर तर त्या गदारोळात डावा कोणता न् उजवा कोणता, कोण ऐकतं? मग आमच्या ग्रुपनं खराखुरा ड्रमसेट घेतला आणि स्नेअरवर (सेटमधल्या कडक आवाजाच्या मुख्य ड्रमवर) माझा डावा हात गायब झाला. उजवा वाजतो, डावा नुसता हलतो. पॅड घेतलं ते यासाठी.

सराव साधाच ठेवला. आधी एकेका हाताचे आठ-आठ फटके, मग सिंगल (उजवा-डावा), डबल (एकेका हाताचे दोन-दोन), पॅराडिडल (उजवा-डावा-उजवा-उजवा, मग उलट). अमेरिकेतल्या पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीच्या १९८४ च्या यादीत असे ४० रूडिमेंट्स, म्हणजे फटक्यांचे मूळ क्रम, आहेत. आपल्या पोटापाण्याला चार-पाच पुष्कळ झाली. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर, एका ठोक्यात चार फटके, म्हणजे सेकंदाला चार. ऐकायला किरकोळ वाटतं. स्टिकचं टोक दर वेळी तेवढंच वर गेलं पाहिजे अशी अट घालून सलग पाच मिनिटं करून बघा, मग बोला. मी पॅडमागे आरसा ठेवला होता. उजवी स्टिक वीतभर वर जाते आणि डावी तिच्या निम्मीच, हे तिथे दिसलं.

पकडीचंही तेच. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत स्टिक तोलून धरायची आणि उरलेली तीन बोटं तिला हलकी लावून ठेवायची, आवळायची नाहीत. ऑक्टोपॅडच्या सवयीनं माझी तर्जनी स्टिकवर ताठ दाबलेली असायची. फटका पडल्यावर स्टिक आपोआप वर यायला बघते आणि आपण तिला दाबून धरतो, वेग तिथेच मरतो. गम रबरावर हे लगेच कळतं, कारण उसळी भरपूर आहे. पहिल्या काही आठवड्यांत हात इतका मोकळा झाला की पॅडची तारीफ करत फिरत होतो. ग्रुपमधल्या दोघांना घ्यायलाही लावलं.

मग उन्हाळा आला.

नागपूरचा मे म्हणजे पारा ४५ च्या पुढे. २०१३ च्या मेमध्ये तर ४७.९ नोंदला गेलाय. दुपारी बंद खोलीतली भिंतसुद्धा हाताला गरम लागते. अशातच एक दिवस डाव्या फटक्यासोबत बारीक फरफर यायला लागली. आधी वाटलं स्टिक फुटली. स्टिक बदलली, फरफर कायम. बघतो तर कडेला रबर लाकडापासून सुटलेलं.

आपण तर मधोमध वाजवतो, कडेचं काय एवढं, असं कोणी म्हणेल. दुकानदारही तेच म्हणाला. पण पॅडवर सूर नाही, दणका नाही. दोन्ही हात सारखे पडतात की नाही हे ओळखायला तिथे कानच लागतो. आवाजातच खोट आली तर पॅडचा उपयोग काय? आरसा उंची दाखवतो, वजन दाखवत नाही.

दुकानात घेऊन गेलो. "दादा, गरमीनं सुटते हे. दुसऱ्या बाजूनं वाजवा ना, दोन बाजू आहेत न तुमच्याकडे." मी म्हटलं, पैसे दोन्ही बाजूंचे घेतले न तुम्ही? मग त्यानं कंपनीचा नंबर दिला. तिथे फोटो मागितले, व्हिडिओ मागितला, बिल मागितलं, आणि उत्तर आलं की पॅड थंड आणि कोरड्या जागी ठेवायचं असतं, उष्णतेनं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. थंड आणि कोरडी! नागपुरात मे महिन्यात थंड जागा म्हणजे कूलरची खोली, आणि ती कोरडी नसते. जी खोली कोरडी, ती भट्टी. ही अट पूर्ण करायला मी पॅड घेऊन चिखलदऱ्याला राहायला जायचं काय? तसं कळवलंही. उत्तरात मला अनुभवाचे तारे द्यायला सांगितलं.

शेवटी गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडे नेलं. त्यानं पॅड उलटसुलट केलं, कड उचलून आत फुंकर मारली आणि विचारलं, "याच्यासाठी कंपनीला फोन लावत होते का भाऊ तुम्ही?" कानशीनं दोन्हीकडचा जुना गोंद घासला, रबराला आणि लाकडाला दोन्हीकडे सोल्युशन लावलं. मी चिपकवायला हात पुढे केला तर म्हणाला, "थांबा न, आधी सुकू द्या, मंग चिपकवा." बोटाला चिकटेल-न चिकटेल इतकं सुकल्यावर दाबलं, वर वजन ठेवलं. वीस रुपये. अजून सुटलेलं नाही.

एक मात्र सांगायला हवं. कड सुटलेली असताना चिडून मी पॅड अर्धं फिरवून ठेवलं होतं. फरफर उजव्या बाजूला गेली. डावा हात तरीही पातळच ऐकू येत होता. म्हणजे सगळा दोष रबराच्या माथी मारता येत नाही, एवढं मान्य. कंपनीला हे मी अर्थातच कळवलं नाही.

पॅडबद्दलचं मत खरं बदललं ते पुढे, ड्रमसेटवर. पॅडवर माझा डबल स्ट्रोक १०० च्या लयीत स्वच्छ निघत होता. तोच फ्लोअर टॉमवर (सेटमधल्या खोल आवाजाच्या मोठ्या ड्रमवर) नेला आणि प्रत्येक जोडीतला दुसरा फटका नाहीसा. कारण सरळ आहे. गम रबर दुसरा फटका जवळजवळ फुकटात देतं, टॉमचं ढिलं कातडं काही देत नाही. तिथे मागच्या तीन बोटांनी स्टिक आत ओढून दुसरा फटका स्वतः मारावा लागतो. ताशावाल्यांची तर्री (सलग थरथरते फटके) ऐकताना वाटतं तेवढं सोपं असतं तर काय पाहिजे होतं. ताशाचं कातडं ताणलेलं असतं, उसळी तिथेही मिळते. त्यामुळे ज्या उसळीची मी तारीफ केली, तीच आता मला या पॅडची सगळ्यात मोठी लबाडी वाटते. नवशिक्याची ती खोटी समजूत काढते.

यावर खर्च शून्य आहे. जुनी गोधडी चौघडी घालून पॅडवर ठेवायची आणि डबल स्ट्रोक तिच्यावर करायचा, लय ६० वर आणून. उसळी नाही, सगळं काम मनगट आणि बोटांचं. पण थोडाच वेळ. हात भरून आला की थांबायचं, नाहीतर मनगट धरतं. मग लगेच रबरावर यायचं. आठवड्याचे बरेच दिवस असं केलं तेव्हा टॉमवर दुसरा फटका ऐकू यायला लागला. गोधडीनं हात बिघडतो म्हणणारेही भेटतील. नुसत्या गोधडीवरच वाजवत बसलं तर बिघडेलही.

आवाजाबद्दल. डब्यावर 'सायलेंट' लिहिलंय, ते मनावर घेऊ नका. उन्हाळाभर कूलरच्या घरघरीत कोणाला पत्ता लागला नाही. पाऊस पडला, कूलर बंद झाला आणि तिसऱ्याच दिवशी खालच्या काकू वर आल्या, "तुमच्याकडे फर्निचरचं काम सुरू आहे का?" टेबलावर ठेवलं की ठोका टेबलाच्या पायांतून थेट खाली जातो. आता प्लास्टिकच्या स्टुलावर, स्टुलाच्या पायांखाली पायपुसणं. काकू परत आल्या नाहीत. बाराशेचा स्टँड दुकानदार गळ्यात मारेल, घेऊ नका.

घ्यायचंच असेल तर ८ इंचीवर भागतं. १२ इंचीत जास्तीचं रबर म्हणजे सुटायला जास्तीची कड. प्लायच्या तुकड्यावर जाड माऊसपॅड चिकटवून ग्रुपमधल्या एका पोरानं दीडशेत काम भागवलंय. उसळी कमी आहे, आणि मला ती आता बरी वाटते. दुसऱ्या बाजूच्या कडक रबराची कडही एका जागी जरा उचललेली दिसतेय. या वेळी दुकानात जाणार नाही.