पॉल सायमनचा 'सेव्हन साम्स': काही महिने ऐकल्यानंतर

हा अल्बम स्वयंपाक करताना मागं लावून ठेवायचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. 'सेव्हन साम्स', म्हणजे सात स्तोत्रं, ३३ मिनिटांचा आहे. त्यात सात भाग आहेत, पण अ‍ॅपवर दिसतो एकच ट्रॅक. अमेरिकन गायक-गीतकार पॉल सायमननं तो मुद्दामच तसा ठेवलाय, म्हणजे कुणी मधलंच एखादं गाणं उचलून प्लेलिस्टमध्ये टाकू नये. सलग ऐकल्यावर त्याचं म्हणणं पटतं. रोजच्या वापरात मात्र हाच प्रकार सगळ्यात जास्त ताप देतो.

मध्येच फोन आला, बोलणं लांबलं आणि बॅटरी सेव्हरनं अ‍ॅप बंद केलं, की बऱ्याचदा ट्रॅक पुन्हा शून्यापासून सुरू होतो. पॉडकास्टची जागा लक्षात ठेवणारी अ‍ॅप्स गाण्याची जागा लक्षात ठेवतीलच असं नाही. उपाय साधा आहे. अ‍ॅपला बॅटरी सेव्हरमधून सूट द्यावी, ट्रॅक डाउनलोड करून ठेवावा आणि प्रत्येक भाग कितव्या मिनिटाला सुरू होतो ते एकदा ऐकून लिहून ठेवावं. ३२० केबीपीएसला फाइल साधारण ८० एमबी होते. सीडीच्या दर्जाचा आवाज न दाबता ठेवला तर ३५० एमबीच्या आसपास जाते. लॉसलेसमध्ये, म्हणजे दर्जा न घालवता दाबलेल्या फाइलमध्ये, त्याहून बरीच कमी जागा लागते. गावाकडं रेंज येते-जाते तिथं स्ट्रीमिंगच्या भरवशावर राहू नका. तीन मिनिटांचं गाणं अडकलं तर चालून जातं, इथं अडकलं की सगळी तंद्री मोडते.

दुसरी अडचण आपल्याकडच्या उन्हाळ्याची. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडं कूलरशिवाय खोलीत बसवत नाही, आणि हा अल्बम कूलरपुढं टिकत नाही. सुरुवातीलाच घंटेसारखे खोल, मंद नाद आहेत. ते पंख्याच्या घरघरीत पार बुडतात, मग वाटतं अल्बम थेट गिटारनंच सुरू होतो. आवाज वाढवावा तर पुढं सायमन माइकच्या अगदी जवळून गायलाय, त्याचा श्वासही मोठा होऊन कानावर येतो. नॉइज कॅन्सलेशनचे हेडफोन इथं उपयोगी पडतात, कारण एकसुरी घरघर ते चांगली कापतात. भांड्यांचा खणखणाट किंवा लग्नाच्या वरातीतला डीजे मात्र त्यांना आवरत नाही. ते नसतील तर कान पूर्ण झाकणारे वायरवाले हेडफोन घ्या आणि पहाटे ऐका. एकाच कानात बड घालून ऐकण्यात काही अर्थ नाही, व्होसेस८ या गायकवृंदाचे आवाज निम्मेच हाती लागतात. जळगाव ते भुसावळ पॅसेंजरचा अर्धा तास लांबीला अगदी बरोबर बसतो, पण रुळांचा खडखडाट गिटार खाऊन टाकतो.

आता खुद्द अल्बमकडं. सायमनची कारकीर्द माहीत असेल तर इथं काय नाही ते आधी कानाला जाणवतं. १९५७ मध्ये आर्ट गार्फंकलबरोबर 'टॉम अँड जेरी' या नावानं त्याची पहिली रेकॉर्ड गाजली. १९६५ मध्ये निर्माता टॉम विल्सननं या दोघांना न विचारताच त्यांच्या जुन्या गाण्यावर इलेक्ट्रिक वाद्यं चढवली आणि १९६६ च्या सुरुवातीला ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. १९७० मध्ये जोडी फुटली. पुढं तो तालाच्या मागं लागला: जमैका, मग १९८५ मध्ये जोहान्सबर्ग, मग ब्राझीलचे ढोल. 'ग्रेसलँड' या अल्बमच्या वेळी तर आधी वादकांचा ठेका ध्वनिमुद्रित व्हायचा, शब्द मागून यायचे. इथं ड्रमचा तसा ठेकाच नाही. सगळा भार अ‍ॅकॉस्टिक गिटारवर आहे. अंगठा खालच्या तारांवर चाल धरतो, बाकीची बोटं वर सूर विणतात. १९६०च्या दशकात इंग्लंडच्या लोकसंगीताच्या क्लबांत त्यानं जे उचललं, तिथं तो परतलाय. ज्यांना फिंगरस्टाइल शिकायचंय त्यांनी अंगठ्याकडं कान ठेवून एक आवर्तन खास ऐकावं.

२०१८ मध्ये निरोपाचा दौरा संपला होता. जानेवारी २०१९ मध्ये त्याला स्वप्न पडलं की तू 'सेव्हन साम्स' नावाचं काहीतरी लिहितोयस. नंतर आठवड्यातून दोन-तीनदा पहाटे साडेतीन ते पाचच्या दरम्यान जाग यायची आणि शब्द सुचायचे. अल्बम मे २०२३ मध्ये आला तेव्हा तो ८१ वर्षांचा होता. काम चालू असतानाच त्याच्या डाव्या कानाची बरीचशी श्रवणशक्ती गेली.

पहिला भाग 'द लॉर्ड'. देव म्हणजे हे, देव म्हणजे ते, अशी यादीच आहे, आणि त्या यादीत कोविडचा विषाणू आहे, चढत जाणारा समुद्रही आहे. ही चाल पुढं पुन्हा येते. असोद्याच्या बहिणाबाईंच्या ओव्यांवर वाढलेल्या कानाला ही बांधणी परकी वाटत नाही: ओळीचा साचा तोच, आतली वस्तू बदलत जाते. दुसऱ्याच ऐकण्यात चाल ओळखीची होते. इंग्रजी मात्र सरळ नाही. शब्द समोर ठेवून एकदा वाचून घ्या, उच्चार स्पष्ट आहेत.

वारंवार ऐकल्यावर 'माय प्रोफेशनल ओपिनियन' आधी विटतं. ब्लूजच्या अंगाची ती थट्टा पहिल्यांदा हसवते, नंतर मधला अडसर वाटते. 'युअर फर्गिव्हनेस' उलट हळूहळू उघडतं. सुरुवातीला ते लांबण लावल्यासारखं वाटेल, पण गिटारभोवतीची वाद्यं वेगवेगळी कळायला लागली की हाच अल्बमचा सगळ्यात भरलेला भाग आहे. 'द सेक्रेड हार्प'मध्ये त्याची पत्नी एडी ब्रिकेल गाते आणि तिच्या आवाजानं खोलीत एकदम उजेड पडतो. शेवटचा 'वेट', म्हणजे अजून तयारी झाली नाही, थांब जरा, असं मृत्यूलाच सांगणं. नुसता तेवढा भाग काढून ऐकला तर रडवेला वाटतो. आधीचे सहाही भाग ऐकून आलात तर तसा वाटत नाही, आणि म्हणूनच एकाच ट्रॅकचा हट्ट मी त्याला माफ केलाय.

एलपी घ्यायची की नाही, हे विचारणाऱ्यांसाठी: चांगल्या आवाजात एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावतात, म्हणजे मध्ये उठून तबकडी उलटावी लागणारच. ज्या कामाचा जीवच सलगपणात आहे, त्याला हे मानवत नाही. शिवाय आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत ठेवलेली तबकडी हमखास वाकते. सीडी किंवा लॉसलेस फाइल घ्या. आणि सायमन पहिल्यांदाच ऐकत असाल तर आधी 'ग्रेसलँड' घ्या, मग १९७२ चा त्याच्या नावाचाच एकल अल्बम, आणि त्यानंतर हा.