मणके जोडायचे की चकती बदलायची?
फ्यूजन या ऑपरेशनमध्ये दोन मणक्यांमधली झिजलेली चकती (डिस्क) काढून ते मणके हाडाचा तुकडा आणि स्क्रूंनी कायमचे जोडतात. वेदना देणारी हालचाल थांबते, पण तो ताण शेजारच्या चकत्यांवर जातो आणि काही वर्षांत त्याही झिजू शकतात. मला खरी काळजी याचीच वाटते.

झिजलेल्या चकतीच्या जागी कृत्रिम चकती बसवली, तर हालचाल टिकते. अमेरिकेत कमरेसाठीच्या पहिल्या चकतीला २००४ मध्ये मान्यता मिळाली. मानेच्या एकाच चकतीचा त्रास आणि हाडे मजबूत असतील, तर मी आधी हाच पर्याय डॉक्टरांना विचारेन. कमरेचे ऑपरेशन मात्र पोटाकडून, मोठ्या रक्तवाहिन्यांजवळून होते.

हाडे ठिसूळ असतील, मणका सरकला असेल किंवा मणक्यांचे मागचे सांधे झिजले असतील, तर फ्यूजनच बरे.