११ थरांच्या आत अडकलेलं ऊस बिल आणि इंटेलिजे आयडिया

गेले चार महिने मी एका साखर कारखान्याच्या ऊस बिलाच्या प्रोग्रॅमवर काम करतेय. हातात हत्यार एकच, जेटब्रेन्स कंपनीचं इंटेलिजे आयडिया, म्हणजे कोड लिहायचं-सुधारायचं सॉफ्टवेअर. ते नवा कोड लिहायला कसं आहे हे इतरांनी भरपूर सांगितलंय. मी सांगणार आहे ते जुन्या, इफच्या (‘असेल तर’ अशा अटीच्या) पोटात इफ शिरलेल्या जावा फाइलची गुंतावळ त्यात कशी सुटते, एवढंच.

आधी फाइल कशी होती ते बघा. बिल काढणारी एकच मेथड (नाव दिलेला कोडचा तुकडा), ११४० ओळींची, आणि आत एकात एक शिरलेल्या इफचे ११ थर. सभासद की बिगरसभासद, लागण की खोडवा, गेटकेन (कार्यक्षेत्राबाहेरचा ऊस) आहे का, ऊस जळीत आहे का, बैलगाडीनं आला की ट्रॅक्टरनं. प्रत्येक प्रश्न आधीच्या प्रश्नाच्या आत. दराच्या व्हेरिएबलचं नाव एसएमपी (सरकारनं ठरवलेली उसाची वैधानिक किमान किंमत), कारण प्रोग्रॅम २००९ च्या आधीचा. पुढे एसएमपी जाऊन एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) आली, नाव तेच राहिलं. एफआरपीचा पायाभूत उतारा (दर ठरवताना धरलेलं उसातल्या साखरेचं प्रमाण) ९.५ टक्के होता, २०१८-१९ च्या हंगामात तो १० झाला, २०२२-२३ मध्ये १०.२५. दर वेळी कुणीतरी मधे आणखी एक इफ घातला. त्यांना मी नावं ठेवणार नाही. गाळप चालू असताना आणि ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचं कायद्याचं बंधन असताना, जिथे हात पोचला तिथे त्यांनी दुरुस्ती केली.

पहिला आठवडा मी फक्त वाचत होते. कर्सर आतल्या एखाद्या ओळीवर ठेवायचा आणि कंट्रोल-डब्ल्यू दाबत राहायचं. निवड आधी शब्दाची, मग ओळीची, मग ब्लॉकची, मग अख्ख्या इफची होत जाते. कुठला कंस कुणाचा हे शोधायला त्याआधी मी प्रिंट काढून पेन्सिलीनं रेघा मारत होते.

खरं काम सुरू झालं ऑल्ट-एंटरनं. मेथड सुरू होताच पहिला इफ होता, ‘काट्यावरचं निव्वळ वजन शून्यापेक्षा जास्त असेल तर’, आणि बाकीचं सगळं त्याच्या आत. त्या इफवर ऑल्ट-एंटर दाबून अट उलटवण्याचा पर्याय घेतला. आता ‘वजन शून्य किंवा कमी असेल तर परत फिर’ अशी छोटी अट वर आली आणि खालचा सगळा कोड एक थर डावीकडे सरकला. लूपच्या आत हेच केलं की रिटर्नच्या (‘परत फिर’च्या) जागी कंटिन्यू (‘पुढच्या फेरीला जा’) येतं. हे हातानं करताना ‘आणि’चं ‘किंवा’ करायला माणूस विसरतो; इथे ते आपोआप होतं. तीन दिवसांत ११ चे ६ थर झाले आणि बिलाचा अर्थ कुठेही बदलला नाही.

मग कंट्रोल-ऑल्ट-एम, म्हणजे निवडलेला तुकडा वेगळ्या मेथडमध्ये काढणं. तोडणी-वाहतुकीची कपात काढताना ते अडलं, कारण त्या तुकड्यातून एकापेक्षा जास्त मूल्यं (व्हॅल्यू) बाहेर पडत होती. तेव्हा मला कळलं की तिथे कपातीबरोबर निव्वळ रक्कमही गुपचूप बदलतेय. नुसतं वाचून हे दोनदा सुटलं होतं.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते कव्हरेज, म्हणजे तपासात कोडच्या कुठल्या ओळी खरंच चालल्या ते दाखवणं; न चाललेल्या ओळी लाल दिसतात. मोडतोड करण्याआधी मी मागच्या हंगामातल्या एका पंधरवड्याची सगळी बिलं जुन्या प्रोग्रॅमनं काढून ठेवली होती. प्रत्येक बदलानंतर नवी बिलं त्यांच्याशी पैशापर्यंत जुळवायची. सगळं जुळत होतं म्हणून मी निर्धास्त होते. मग तोच तपास कव्हरेजसकट चालवला, तर जळीत उसाच्या कपातीचा भाग समासात लाल. त्या पंधरवड्यात जळीत ऊस आलाच नव्हता! म्हणजे त्या ओळी मी कसल्याही पुराव्याशिवाय हलवत होते. एखाद्याच्या फडाला आग लागलेली असताना त्याच्या बिलात चूक होणं मला सहन झालं नसतं. कारखान्याच्या एका चिटबॉयला (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कर्मचाऱ्याला) विचारून जळीत ऊस आलेला पंधरवडा शोधला आणि तोही तपासात घेतला.

आणखी एक गोष्ट. सभासदाच्या ब्लॉकमध्ये चार थर आत पुन्हा ‘बिगरसभासद असेल तर’ अशी अट होती. ही अट कधीच खरी होणार नाही, असं आयडियानं पिवळ्या खुणेनं दाखवलं. आत ६० ओळी. तरी मी त्या शेतकी विभागात विचारल्याशिवाय काढल्या नाहीत. कोड काय करतो ते हे हत्यार सांगतं, काय करायला हवं होतं ते शेतकी विभागालाच ठाऊक.

घ्यायचं का? जुनी जावा सांभाळणाऱ्यानं जरूर घ्यावं. वर सांगितलेलं सगळं फुकट मिळणाऱ्या भागात आहे. मेमरीत मात्र कंजुषी करू नका; माझ्या ८ जीबीच्या लॅपटॉपला झेपेना, १६ केल्यावर काम सुरळीत चाललं. आयडियाची लोकल हिस्टरी चुकलेलं परत आणते, पण सेटिंग बदललं नाही तर पाच कामाच्या दिवसांपुरतीच, तेव्हा गिटला (कोडचे सगळे बदल जपून ठेवणाऱ्या प्रणालीला) पर्याय नाही.

२०२५-२६ चा क्विंटलला ३५५ रुपयांचा दर मी एकाच ठिकाणी भरला. एसएमपी हे नाव बदलायचं अजून राहिलंय. जावातलं शिफ्ट-एफ६ नं लगेच बदलेल, पण टेबलातल्या कॉलमचं आणि चार रिपोर्टांमधलं नावही तेच आहे. तिथे हात घालायचा तो गाळप बंद झाल्यावरच.