पोके डॉल, स्मोक बॉल की रिपेल? फायररेडचं नझलॉक खेळताना बॅगेत काय ठेवायचं

आमच्याकडे चिपळूणला गणपतीत भाचेमंडळी जमली की पडवीत पोकेमॉन फायररेड या व्हिडिओ गेमचं नझलॉक, म्हणजे स्वतःवर कडक नियम लावून खेळणं, सुरू होतं, आणि गेममधल्या सेलाडॉन शहरातल्या डिपार्टमेंट स्टोअरचा चौथा मजला आला की ठरलेला प्रश्न येतो, मामा ही हजाराची बाहुली, पोके डॉल, घेऊ की तेवढ्यात दोन सुपर रिपेल येतात ते घेऊ? डॉल टाकली की रानटी पोकेमॉनशी लागलेल्या लढाईतून सुटता येतं, रिपेल मारला की कमजोर रानटी पोकेमॉन समोर येतच नाहीत. साध्या खेळात काहीही घ्या, फरक पडत नाही. पण नझलॉकमध्ये बेशुद्ध पडलेला पोकेमॉन मेला म्हणजे मेलाच, तिथे मात्र या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायला पाहिजे.

आधी साधं पळणं कसं चालतं ते बघा. तुमच्या पोकेमॉनचा स्पीड समोरच्याइतका किंवा जास्त असेल तर रन दाबलं की सुटलात. कमी असेल तर नशीब, दर फसलेल्या प्रयत्नानंतर चान्स वाढतो हे खरं पण तेवढ्यात समोरचा एक फटका फुकट मारून घेतो. आणि मीन लूक ही चाल किंवा अरीना ट्रॅप ही अ‍ॅबिलिटी, म्हणजे पोकेमॉनचा अंगचा गुण, यांनी तुम्हाला जागेवर अडकवलं असेल तर रन पण नाही आणि पोकेमॉन बदलणं पण नाही.

रिपेल स्वस्त आहे, साधा ३५० ला शंभर पावलं, सुपर ५०० ला दोनशे, मॅक्स ७०० ला अडीचशे. रोजच्या फिरण्याला याच्यासारखं काही नाही, मी स्वतः सगळ्यात जास्त पैसे यावरच घालवतो. वाडीत वानर शिरूच नये म्हणून घातलेलं कुंपण ते रिपेल, आणि शिरलाच तर लांब फेकलेला फणसाचा गरा ती डॉल. गोची अशी की रिपेल फक्त तुमच्या पहिल्या पोकेमॉनपेक्षा कमी लेव्हलचेच अडवतो. डिग्लेट्स केव्ह आठवा. तुमचा पुढचा गडी २३ लेव्हलचा, रिपेल मारून आत शिरलात, १५ ते २२ वाले डिग्लेट सगळे बाद झाले, आणि मग जो येतो तो थेट २९ किंवा त्याच्या वरचा डगट्रिओ, त्याचा स्पीड भयंकर आणि नशीब फुटकं असेल तर अरीना ट्रॅपवाला. म्हणजे ज्याच्यापासून वाचायचं होतं नेमका तोच उरला. आणि तेव्हा डॉल हातात नसतेच, कारण सेलाडॉन यायला अजून रॉक टनेल बाकी आहे. त्यामुळे पहिल्या खेपेला तिथे उडणारा पोकेमॉन पुढे ठेवा, फ्लाइंग टाइप आणि लेव्हिटेटवाल्यांना (हवेत तरंगायची अ‍ॅबिलिटी) अरीना ट्रॅप लागत नाही.

स्मोक बॉल कागदावर डॉलपेक्षा भारी वाटतो कारण तो संपत नाही. एकदा पोकेमॉनच्या हातात दिला की रानातल्या लढाईतून तो दर वेळी सुटणार, ट्रॅप असला तरी सुटणार. पण ज्याच्या हातात आहे तोच सुटतो हो! पोकेमॉन टॉवरमध्ये मीन लूक शिकलेला गॅस्टली समोर आला, त्याने तुमच्या पुढच्या पोकेमॉनला धरला, आणि स्मोक बॉल मात्र मागे बसलेल्या पिजिओटोकडे, तर काय उपयोग, बदलता तर येतच नाही. वर गॅस्टलीने कर्स टाकला तर दर टर्नला पाव एचपी, म्हणजे पाव जीव, जाते. पूर्ण भरलेला पोकेमॉन चार टर्नमध्ये आडवा. बरं, सहाही जणांकडे स्मोक बॉल देणार का? मग दर टर्नला थोडी एचपी भरणारे लेफ्टओव्हर्स वगैरे कुठे धरणार? आणि फायररेडमध्ये तो मिळतो रानटी कॉफिंगकडून, तेही कधीतरी, तोवर तुम्ही सिनाबारच्या मॅन्शनपर्यंत पोचलेले असता.

रानातल्या लढाईतून हमखास पळू देणाऱ्या रन अवे अ‍ॅबिलिटीचं पण तेच. सेलाडॉनमध्येच फुकट मिळणाऱ्या ईव्हीकडे ती असते, पण ईव्हीला दगड देऊन मोठं केलं की गेली, आणि मोठं न करता ईव्ही किती दिवस फिरवणार.

डॉलचं खरं मोल इथे आहे. ती बॅगेत असते, कोणाच्या हातात नसते, त्यामुळे मैदानात कोणीही असो, स्लो असो, ट्रॅप झालेला असो, कर्स लागलेला असो, बॅग उघडून डॉल टाकली की लढाई त्याच क्षणी संपली, समोरच्याला एक फटकाही मिळत नाही. एकदा वापरली की गेली, हजार गेले, पण आठवडाभर वाढवलेला पोकेमॉन वाचला. ट्रेनरसमोर किंवा रायव्हलसमोर ती चालत नाही, तिथे यातलं काहीच चालत नाही.

मोठ्या दादालोकांनी सांगितलेली टॉवरवाली ट्रिक फायररेडमध्ये करायला जाऊ नका. १९९६ च्या मूळ गेममध्ये जिन्यावरच्या मारोवाकच्या भुतासमोर डॉल टाकली की गेम लढाई जिंकल्यासारखी धरायचा, म्हणजे भुताला ओळखायचं यंत्र, सिल्फ स्कोप, न आणताच टॉवरवर अडकलेल्या मिस्टर फुजींपर्यंत जाता यायचं, तो स्कोप जिथे मिळतो ते रॉकेट टोळीचं हाइडआउटच टाळता यायचं. २००४ च्या फायररेडमध्ये ती वाट बंद केलेली आहे. आणि पोकेमॉन एमराल्ड हा गेम खेळणाऱ्यांनी तिथली फ्लफी टेल बघून गोंधळू नका, पुढच्या गेममधला पोके टॉय पण तसाच, चित्र वेगळं, काम डॉलचंच.

माझ्या मते सेलाडॉनला पोचल्यावर तीन डॉल घ्या आणि उरलेल्याचे सुपर रिपेल. पैसे कमी पडले तर व्हीएस सीकर घेऊन जुन्या ट्रेनरांशी परत लढा, पण डॉल शून्यावर ठेवून टॉवर चढू नका. आणि मांडवी एक्सप्रेसमध्ये बसून खेळणार असाल तर ही खरेदी स्टोअरमध्येच उरकून घ्या, नंतर करबुड्याच्या बोगद्यात गॅस्टलीने धरलं तर मला मेसेज करायला नेटवर्क नसतं.